लाकडी कर्णा

आप्पा महाजनांच्या दारावर मी टकटक केली ती त्यांनी दार उघडावं म्हणून नव्हे. मला फक्त दार ऐकायचं होतं. वर एकदा, मध्ये एकदा, कडीपाशी एकदा आणि मग गुडघ्यांवर बसून खाली एकदा. दार सागवानी, चांगलं दीड इंच जाड, आणि काय सुरेख वाजत होतं. म्हणजे माझ्या काही कामाचं नव्हतं. मी वहीत 'महाजन, नापास' असं लिहीत होतो तेवढ्यात दार उघडलं आणि आप्पांनी ते वाचलं.

"कशात नापास?"

"लाकडात, आप्पा."

"हे लाकूड माझ्या आजोबांनी आणलंय."

"चांगलंच आहे. पण फार वाजतं."

आप्पा आमच्या भाटखोलच्या राममंदिराचे मुख्य पंच. त्यांच्या दाराला नापास करणारा गावात अजून कुणी जन्मला नव्हता. त्यांनी खिशातून एक पोस्टकार्ड काढलं आणि मला लांबूनच दाखवलं. चिपळूणच्या कीर्तनकार बुवांना लिहिलेलं. पत्ता घातलेला, मजकूर घातलेला, फक्त पेटीत टाकायचं बाकी. पाडव्याला अजून पंधरा दिवस आहेत, तुझ्या आत्याला सांग, असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. लावतानाही ते वाजलंच.

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालची. मी तेवीस वर्षांचा होतो आणि पोस्टाने रेडिओदुरुस्तीचा कोर्स केलेला होता. गावातले झाडून सगळे रेडिओ मी उघडले होते. त्यातले काही बंदही केले होते.

यमूआत्या म्हणजे माझ्या वडलांची धाकटी बहीण. तिशीत विधवा झाली आणि तेव्हापासून आमच्याकडेच होती. माझे आजोबा रामाच्या नवरात्रात नऊ दिवस कीर्तन करायचे, तीस वर्षं केलं. त्यांची सगळी आख्यानं आत्याला पाठ. ते गेल्यावर चिपळूणचे बुवा यायला लागले. बुवा आख्यानापेक्षा आपल्या मुंबईच्या दौऱ्यांबद्दल जास्त सांगायचे. आत्या पहिल्या रांगेत बसून ऐकायची आणि घरी येऊन घासलेली भांडी पुन्हा घासायची. शेवटी गेल्या साली तिने आप्पांना निरोप धाडला, की मी करते.

आप्पांचं म्हणणं असं, की बाईने कीर्तन करायला आमची ना नाही, काळ बदलला. आमची ना आहे ती आवाजाला. हनुमानजयंतीला त्यांनी तिला दहा मिनिटं दिली होती. नंतर चौकशी केली तेव्हा तिसऱ्या रांगेतले म्हणाले, ओठ हलत होते. चौथ्या रांगेतले म्हणाले, छे, हलत नव्हते. आमचं देऊळ अगदी समुद्राला लागून. भिंतीपलीकडे लाटा, आणि त्यांचं कीर्तन बारा महिने चालू. त्यामुळे आप्पांनी अट घातली. पाडव्याला, पहिल्या दिवशी, चार वाजता यमूने दहा मिनिटं उभं राहावं. दीपमाळेपाशी, म्हणजे पार शेवटच्या माणसाला ऐकू आलं तर नऊही दिवस तिचे. नाहीतर पोस्टकार्ड पेटीत.

भोंगा लावायचा तर आप्पांना पत्र्याचा भोंगा देवळात चालत नव्हता. रामाच्या दारात डबा नको, म्हणायचे. लाकडाचं काही असेल तर बघू. मला तेवढंच हवं होतं. एका मासिकात लाकडी कर्ण्याचं चित्र होतं: मागे गळा वीतभर, पुढे तोंड भलंमोठं, मधे वळण घेत घेत रुंद होत जाणारी पोकळी. गळ्याशी लहानसा स्पीकर बसवायचा. मी केलेला ॲम्प्लिफायर ट्रकच्या जुन्या बॅटरीवर चालायचा, आणि त्याचा आवाज शेजारच्या माणसाला ऐकू यायचा, फक्त त्याने मान कलती करावी लागायची. मासिक म्हणत होतं, तेवढा आवाज कर्ण्याला पुष्कळ झाला.

फक्त लाकूड मुकं पाहिजे. खोका स्वतःच गायला लागला तर त्याचा सूर निराळा, आत्याचा निराळा. म्हणून मी बोटाची पेरं घेऊन गावभर हिंडत होतो. आठ दिवसांत मी चौतीस दारं, अकरा पाट, दोन पाळणे आणि शाळेतले सगळे बाक वाजवले. फणस तर मृदंगासारखा घुमला. आंब्याच्या फळीतून वाजवल्यावर भुंगा बाहेर आला. चहाच्या खोक्यांचं प्लाय नुसतं बोट लावलं तरी डासासारखं गुणगुणायचं. चांगलं जाड प्लाय दापोलीच्या दुकानात मिळेल असं कळलं, तर दुकानदार म्हणाला, मुंबईहून मागवतो, वैशाखात येईल.

मग मी ठरवलं की चहाच्या प्लायचे तीन थर चिकटवायचे, म्हणजे त्याचं तोंड बंद होईल. झालंही. पण आता ते वळणावर कापायचं होतं. आमच्या सुताराची करवत सरळ जाणारी बाई, वळायला तयार नाही. शाळेतून कमानीची बारीक करवत आणली. नऊ इंच कापेपर्यंत तिची सात पाती मोडली. मग मी पोस्टाच्या तिकिटाला असतात तशी भोकांची रांग पाडली आणि फाडून बघितलं. प्लाय फाटलं, पण त्याला हव्या त्या रेषेवर. शेवटी उरलेलं मी धाकू मेस्त्रीकडे नेलं.

धाकू मेस्त्री होड्या बांधायचा. साठीचा, काटकुळा, कानावर कायम विडी, आणि हातात माप घेतलेला मी त्याला कधी पाहिला नाही. वाळूवर बसून त्याने माझं चित्र आधी उलटं धरलं, मग आडवं. प्लायचा फाटका तुकडा बघून त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

"वसू, फळी वाकडी कापायची नसते रं. वाकवायची असते."

"पण हे वळण ठरलेलं आहे मेस्त्री. दर फुटाला पोकळी ठरावीक पटीनं वाढली पाहिजे."

"ती वाढनारच. ही तर होडी हाय. मधनं कापून अर्धी उभी केलीय." त्याने चित्रातल्या गळ्यावर बोट ठेवलं. "ही नाळ, होडीचं फुडचं टोक. आनि हितनं रुंद होत आली पोटापातुर. वरनं तक्ते मारले की झालं तुझं."

मी हताश होऊन शेजारच्या जुन्या होडीला टेकलो आणि सवयीने पेरं आपटली. काहीच आवाज आला नाही. पुन्हा आपटली. ओल्या उशीवर थाप मारावी तसं. ऐनाचं लाकूड, बारा वर्षं वाळूत पडलेलं, त्याआधी वीस वर्षं खारं पाणी आणि मुशी माशाचं तेल प्यायलेलं. इतकं मुकं लाकूड मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी वहीत 'पास' लिहिलं आणि मग विचारलं, की ही होडी कुणाची.

"माझ्या भावाची. तो न्हाय आता. वहिनीला इचारतो." विडी पेटवून तो म्हणाला, "तुझ्या आज्याचं कीर्तन मी ऐकलंय. दीपमाळेपाशी बसून. आमी बंदरावरनं येनार, अंगाला वास, म्हनून मागंच बसनार. मागच्याला ऐकू यावं ही म्हाजनाची गरज न्हाय, आमची हाय."

दुसऱ्या दिवशी होडी सुटी करायला घेतली.

ते कापणं नव्हतंच मुळी. खाली काट्याकुट्यांचा जाळ, वर फळी, फळीवर ओलं गोणपाट, टोकाला दगड. फळी कण्हायची, वाफ सोडायची, आणि मेस्त्री तिच्याशी बोलत बोलत तिला वाकवायचा. मी मोजपट्टी घेऊन मागे उभा. दोन ठिकाणी मी हटकलं, की इथे पाऊण इंच चुकलंय. त्याने एक डोळा मिटून बघितलं आणि चित्रच चुकलंय म्हणाला. रात्री हिशेब करून पाहिला, तर चित्र खरंच चुकलं होतं.

भांडण झालं ते एकदाच. त्याला आतून आडव्या बरगड्या मारायच्या होत्या, होडीला असतात तशा. मी म्हटलं, आवाज अडखळेल. तो म्हणाला, बरगडीशिवाय होडी म्हणजे सोललेला फणस. अखेर बरगड्या बाहेरून मारायचं ठरलं. वरून तक्ते मारले, फटींत कापूस ठोकला, राळ भरली. बसायला आडवी फळी तेवढी मी त्याला घालू दिली नाही. तरी पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी गेलो तेव्हा सहा फूट लांब कर्णा मुशीच्या तेलाने चमकत होता आणि त्याच्या कडेला पांढऱ्या रंगात 'श्रीराम प्रसन्न' लिहिलेलं होतं. खाली नंबर होता, बंदर खात्याचा असतो तसा. नंबर कसला, म्हणून विचारलं. तर असावा एक, म्हणाला.

पाडव्याला सकाळी मी स्पीकर, तारा आणि बॅटरी घेऊन वाळूवर पोचलो, तर कर्णा समुद्रात. त्याला झेंडूची माळ घातलेली, नारळ फोडलेला, आणि कमरेइतक्या पाण्यात उभा राहून मेस्त्री त्याला लहान मुलासारखा आंघोळ घालत होता. पाण्यात न घातलेली होडी कामाला लावत नाहीत, म्हणाला. तोंड आभाळाकडे करून कर्णा सुरेख तरंगत होता. एक थेंब आत नाही.

माझ्या डोक्यात तेव्हाच काहीतरी टोचलं. पण ते काय, हे कळायला कर्णा बैलगाडीतून देवळात येईपर्यंतचा वेळ गेला. पटांगणात उतरवून, तोंड माणसं बसतात तिकडे करून, उंच घडवंचीवर चढवला आणि दोन्ही बाजूंना दगड लावले. मी स्पीकर बसवायला मागे गेलो. मागे भोक नव्हतं.

मेस्त्रीने ते बुजवलं होतं. मापाचा लाकडी गट्टू घालून, कापूस ठोकून, राळ भरून, वरून तेलाचे तीन हात देऊन. इतकं बेमालूम की गळा कुठे होता हेच दिसेना.

"मेस्त्री, इथे स्पीकर बसायचा होता."

"नाळेला भोक?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "वसू, चाळीस वर्सं होड्या बांधतोय. नाळेला भोक ठेवून होडी पान्यात सोडली तर लोक माझं नाव घेतील काय?"

साडेबारा वाजले होते. मेस्त्रीने पटाशी घेतली. स्वतःचं काम फोडायचं त्याच्या जिवावर आलं होतं आणि काम काही फुटायला तयार नव्हतं. चांगल्या होडीचा हाच त्रास. तीन वाजता गट्टू निघाला, पण भोक वाटोळं राहिलं नव्हतं, पपई आडवी कापावी तसं झालं होतं. त्यात स्पीकर बसेना. मी म्हटलं, कडेला थोडं तासू. मेस्त्रीने थोडं तासलं, पटाशी सटकली, आणि स्पीकरच्या कागदाच्या पडद्यातून आरपार गेली. बोलण्यासारखं होतं ते सगळं स्पीकरने त्या एका आवाजात सांगून टाकलं होतं.

तोवर माणसं जमायला लागली होती. माणसांच्या आधी मांजरं. मुशीच्या तेलाचा वास उन्हात असा काही सुटला होता की भाटखोलमधलं एकूण एक मांजर रामाच्या दर्शनाला आलं. तीन तर थेट कर्ण्यात शिरून बसली. आप्पा पंचा नाकाला लावून आले. देवळात मासळी, म्हणाले, हे काय चाललंय, हे आधी बाहेर काढा.

आत्या कर्ण्याच्या मागे उभी होती. नऊवारी हिरवं लुगडं, हातात आजोबांच्या झांजा. हात असे थरथरत होते की झांजा आपोआप वाजत होत्या. तिने मला जवळ ओढून कानात सांगितलं आणि मी ते आप्पांना मोठ्याने सांगितलं.

"आत्या म्हणते, रामाला गंगेपार नेलं ते गुहकाने. त्याच्या होडीला काय अत्तर लावलं होतं?"

मागून, दीपमाळेकडून, मेस्त्रीच्या सगळ्या कोळीवाड्याने 'जय जय रघुवीर' केलं. आप्पांनी पंचा खाली घेतला. मग परत वर घेतला, पण काढा असं पुन्हा म्हणाले नाहीत. ते सरळ जाऊन दीपमाळेला टेकून बसले. पोस्टकार्ड वरच्या खिशात, अर्धं बाहेर.

चार वाजले. स्पीकर फाटलेला. मी आत्याला सांगितलं, संपलं, आता तू पुढे जाऊन उभी राहा आणि जमेल तेवढं ओरड. तिने पटांगणाकडे एकदा पाहिलं. दोनशे माणसं असतील. मग ती वळली आणि त्या पपईसारख्या भोकाकडे बघत राहिली.

"वसू, ह्यात मीच बोलले तर?"

"स्पीकरसारखी?"

"पेटी घे."

मी बाजाची पेटी घेऊन तिच्या पायाशी बसलो. तिने तोंड भोकाशी नेलं आणि नमनाची पहिली ओळ म्हटली.

आधी तिन्ही मांजरं बाहेर आली, बंदुकीतून सुटावी तशी. एक पुजाऱ्याच्या मांडीवर पडलं. आणि त्यांच्या मागोमाग आत्याचा आवाज. मला मागे बसूनही कळलं, कारण समोरचा सगळा कोलाहल एकदम थांबला. घुमत नव्हता, किरकिरत नव्हता. भरती आल्यासारखा भरत भरत पुढे गेला आणि दीपमाळेवरून पलीकडे उतरला. मुकं लाकूड एक अक्षरही स्वतःच्या पदरचं घालत नव्हतं.

दहा मिनिटं म्हणून ठरलेलं कीर्तन दीड तास चाललं. आख्यान ऐन वेळी बदललं, गुहकाचंच लावलं. समोरून बघणाऱ्यांना दिसत होतं ते असं: देवळात एक अर्धी होडी, तिच्या पोटातून बाई बोलतेय, आणि खालून फक्त दोन पावलं दिसतायत, तालावर हलणारी. लोक हसत होते, मग हसायचं विसरत होते. रामाने पाय पुढे केला आणि गुहक म्हणाला, आधी पाय धुतो, मगच होडीत घेतो, तिथे आमच्या मेस्त्रीने विडी विझवली असं नंतर त्याच्या वहिनीने सांगितलं. मी पेटीवर दोनदा चुकलो. कारण मी आत्याच्या हातांकडे बघत होतो. झांजा वाजत होत्या त्या तालात वाजत होत्या.

आरतीनंतर आप्पा कर्ण्यापाशी आले. आत्याकडे नाही, कर्ण्याकडे. त्यांनी त्याच्या कडेवर पेरं आपटली, एकदा वर, एकदा खाली.

"वाजत नाही," ते म्हणाले.

"म्हणूनच पास, आप्पा."

त्यांनी पोस्टकार्ड काढलं, पत्त्याशेजारच्या कोऱ्या जागेत उद्याच्या प्रसादाची यादी लिहिली आणि पुजाऱ्याला दिलं.

पुढचे आठ दिवस मी नवा स्पीकर आणतो म्हणत होतो आणि आत्या नको म्हणत होती. दुसऱ्या दिवशी तिने मधेच मान बाहेर काढून लोकांकडे बघितलं आणि पटकन आत घेतली. चौथ्या दिवशी ती कर्ण्याला खांदा लावून उभी राहिली, अर्धी आत, अर्धी बाहेर. सहाव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की तिचं तोंड भोकापासून चांगलं हातभर लांब आहे. मी खूण केली, जवळ जा. तिने झांज माझ्या डोक्यावर हलकेच आपटली आणि आख्यान पुढे नेलं. रामनवमीला ती कर्ण्याच्या पुढे उभी होती. त्याचं नि तिचं काही नातंच नव्हतं. तो आपला मागे गप्प, आणि ती दीपमाळेपर्यंत स्पष्ट, लाटांच्या वर. बाराला पाळणा हलला तेव्हा मागच्या कोळणींनीही सूर धरला.

सुंठवडा वाटताना आप्पांनी सगळ्यांदेखत मेस्त्रीच्या पाठीवर हात ठेवला. काय आवाज देते हो तुमची होडी, म्हणाले. मेस्त्री लाजला. नऊ दिवसांत लाकूड आनखी मुरलं, म्हणाला. मी तोंड उघडलं, की आज कर्ण्यात कुणी बोललंच नाही, तर आत्याने माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात.

घरी आल्यावर मी तिला विचारलं. ती सुंठवड्याची परात घासत होती.

"आवाज मला होताच रे. माणसं दिसली की गळा बंद व्हायचा. त्या होडीमागं मला कुणी दिसत नव्हतं."

"मग हे आप्पांना सांगायचं ना. कर्ण्याचं काहीच नाही यात."

"कर्ण्याचं नाही कसं?"

त्यानंतर आत्याने एकोणीस वर्षं कीर्तनं केली, पाच-सहा गावांत. सगळीकडे लोक म्हणायचे, भाटखोलला एक लाकडी कर्णा आहे, त्यात बाईने बोललं की बाईचा आवाज मोठा होतो. पुढच्याच साली पलीकडच्या खाडीवरच्या देवळाची माणसं मेस्त्रीकडे आली, आम्हाला तसाच एक करून द्या म्हणून. मेस्त्रीने मला बोलावलं. मी घरी येऊन आत्याला म्हटलं, आता तरी खरं सांगायला हवं, माणसं उगाच सहा फूट लाकूड गाडीत घालून नेतील, आणि वास वेगळा.

आत्या लसूण सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"नेऊ दे. त्यांच्या गावातही असेल कुणीतरी. तिला उभं राहायला आडोसा नको?"

आम्ही दुसरा कर्णा बांधला. या वेळी भोक मी स्वतः उभं राहून पाडून घेतलं.